मिसेस जोसेफना फोन कोण करणार

दोन हजार सातच्या वर्ल्ड कपमधून भारत बाहेर पडला याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या रविवारी विनयच्या बेसमेंटमध्ये जे सुतक पाळलं जात होतं, ते बघून माझं डोकं सणकलं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली सहा कुटुंबं, मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं, निळे टी-शर्ट घालून तोंडं पाडून बसली होती. समोसे मात्र संपले होते.

"सगळं कॅन्सल करून टाकू," विनय म्हणाला. "इंडियाच नाही तर अँटिग्वाला जाऊन करायचं काय, यार?"

"ऑस्ट्रेलियाची मॅच बघायची," मी म्हणाले. "आपली तिकिटं त्याच मॅचची आहेत."

"आपल्या जागी बांगलादेश? वहिनी, प्लीज."

मॅच गेली खड्ड्यात. पण गावाचं काय?

अँटिग्वा म्हणजे वेस्ट इंडिजमधला, आपल्या एखाद्या तालुक्याएवढा देश. माझ्या ऑफिसातली मार्व्हा तिथली. हॉटेलं भरलेली म्हटल्यावर तिच्या आईने, मिसेस जोसेफनी, त्यांच्या गावातल्या सहा घरांत आमची सोय केली. लोकांनी आपल्या झोपायच्या खोल्या रिकाम्या केल्या. वर त्यांनी निरोप धाडला, येताच आहात तर रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या गावाशी एक मॅच खेळा. त्यावर छाती फुगवून 'बापलेक मिळून आमचे अकरा तयार आहेत' अशी ईमेल कुणी केली? विनयने.

तेव्हापासून मार्व्हा मला रोज एकेक बातमी सांगत होती. मैदानात चरणाऱ्या शेळ्या दुसरीकडे बांधल्या. रोलर नव्हता, तो रस्ता करणाऱ्यांकडून मागून आणला. शाळेचे हेडमास्तर अंपायर व्हायला तयार झाले. मिसेस जोसेफ सत्तरीच्या, पण गावाची टीम त्याच निवडतात, आणि यंदा त्यांनी सख्ख्या जावयाला वगळलं म्हणून घरात अबोला चालू होता.

"मिसेस जोसेफना काय सांगणार आहात?" मी विचारलं.

"काहीतरी सांगू. व्हिसाचा प्रॉब्लेम झाला म्हणू."

"तुम्ही सगळे अमेरिकन सिटिझन आहात."

"मग प्रतापचं बीपी वाढलं म्हणा," विनय म्हणाला. "फोन तुम्हीच करा वहिनी. बायकांचं बायकांना बरं जमतं."

प्रताप म्हणजे माझा नवरा. तो मान खाली घालून बसला होता. 'माझं नाव कशाला' एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

तिथे माझा संयम सुटला. क्रिकेट आमच्या रक्तात आहे, असं हीच माणसं दरवर्षी मंडळाच्या गणपतीत माईकवरून सांगतात. रक्तात-बिक्तात काही नाही. यांना फक्त जिंकायला आवडतं, तेही दुसऱ्याने जिंकून दिलेलं. हे मी मोठ्याने बोलले, सगळ्यांच्या देखत बोलले, आणि विनयच्याच फोनचा स्पीकर चालू करून नंबर फिरवला.

"खोटं तुम्ही बोला," मी म्हणाले. "मी फक्त फोन लावून देते."

फोन मिसेस जोसेफनीच उचलला. मागे माणसांचा गलका होता. माझा आवाज ओळखल्याबरोबर त्या कुणावर तरी ओरडल्या, "गप्प बसा रे, शिकागोचा फोन आहे."

मग मला म्हणाल्या, "तुमच्या टीमचं ऐकलं, बाई. फार वाईट झालं. आमची पोरंही आम्हाला अशीच रडवतात." आणि हसल्या. "पण एका परीने बरंच झालं म्हण. आता डोक्याला त्यांचा घोर नाही. निवांत या आणि आमच्याशी नीट खेळा. हेडमास्तर विचारतायत, तुमच्याकडून ओपनिंगला कोण येतंय?"

मी फोन विनयच्या तोंडापुढे धरला. तो कार्पेटकडे बघत राहिला. प्रतापपुढे नेला. त्याने घसा खाकरला आणि चष्मा पुसायला घेतला. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं संसार केला, या विचाराने मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या पाण्याचाही राग आला.

"हॅलो? कुणी आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. "मिसेस जोसेफ, आमचे अकराच्या अकरा इथेच बसलेत. भारत हरला म्हणून ते येत नाहीयेत. दुसरं काही कारण नाही. मी येतेय. एकटी."

त्या कुणाशी तरी काही बोलल्या, मला नीट ऐकू आलं नाही. आता त्या फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला असता तरी मी काय म्हणणार होते?

"बरं," त्या म्हणाल्या. आवाजातलं हसू गेलं होतं. "जावयाला तुमच्या बाजूने खेळवते. बाकीचेही गावातलेच देते." मग त्यांनी विचारलं, "तू बॅटिंग करतेस की बोलिंग?"

बॅट मी आजवर हातात धरली होती ती फक्त प्रतापची, दिवाणखान्यातून उचलून कपाटात ठेवायला.

"ओपनिंगला मी येतेय, असं हेडमास्तरांना सांगा," मी प्रतापकडे बघत म्हणाले. "बॅट नवऱ्याची आणते. त्याला ती लागत नाही."