कौशल्याबाईचं कासव

हिंगोली जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात कौशल्याबाईला दिसेनासं व्हायला लागलं. एक डोळा आधीच गेला होता. तिचा नवरा मसाजी जवळा बाजारच्या शिवारात मेंढरं राखायचा. मेंढरं भावाच्या हवाली करून त्यानं तिला नांदेडला न्यायचं ठरवलं.

तिचा जीव मात्र कासवात अडकला होता. या दोघांना लेकरू नव्हतं. माळाला वणवा लागला तेव्हा उचलून आणलेलं ते कासव तिनं परसात दगडाचं वाडगं, म्हणजे लहानसं कुंपण करून त्यात वाढवलं होतं.

“वाडगं मजबूत करा,” ती म्हणाली. “उकरून जातंय ते.”

मसाजीनं दगड रचले. खालचा थर हातभर जमिनीत पुरला. कुत्र्या-मुंगसाच्या भीतीनं वर बाभळीच्या फांद्या अंथरल्या, एका बाजूला कापसाच्या पऱ्हाटीची सावली केली. पाण्याला उथळ परळ ठेवला, म्हणजे कासव त्यात बुडायचं न्हाई.

“पाणी कोण घालंल?” त्यानं विचारलं.

“धुरपता.”

शेजारच्या धुरपताबाईशी मसाजीचं बांधावरून भांडण झाल्यापासून तो बोलत नव्हता. पण बायकोला दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. शेवटी तो धुरपताबाईच्या दारात गेला अन् उंबऱ्याकडं बघत म्हणाला, “आमी नांदेडला चाललो. कासवाला पाणी-पाला टाकाल का?”

“टाकीन,” धुरपताबाई म्हणाली. “तुमी तिला सांभाळा.”

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू जुना आहे, उरलेली नजर वाचते का बघू. ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा खिडकीतलं ऊन कौशल्याबाईच्या तोंडावर पडलं होतं.

“दिवा लावा की,” ती म्हणाली.

मसाजीनं तिचा हात धरला. ती रडली न्हाई. परतताना एसटीत फक्त कासवाचंच विचारत होती.

घरी आल्यावर तो तिला हाताला धरून थेट परसात घेऊन गेला. वाडग्याची एक भिंत ढासळली होती. फांद्या विस्कटलेल्या, परळ फुटलेला. कासव कुठंच नव्हतं.

“काय करून राहिलं?” कौशल्याबाईनं विचारलं.

झोपलंय म्हणावं, असं त्याच्या ओठावर आलं. पण जिला दिसत न्हाई तिला फसवायचं कसं?

“न्हाई ते,” तो म्हणाला. “भिंत पडली.”

ती मटकन खाली बसली. तेवढ्यात आवाज ऐकून धुरपताबाई धावत आली. “माझ्याच म्हशीनं पाडली गं! मी उचलून घरात नेलं त्याला. कोंबड्याच्या डालग्याखाली ठेवलंय, वर जात्याचा दगड ठेवून.” बोलता बोलता तिचं लक्ष कौशल्याबाईच्या डोळ्यांकडं गेलं अन् ती थांबली. मग घरात गेली, कासव आणून कौशल्याबाईच्या ओटीत ठेवलं.

कौशल्याबाईनं पाठीवरून बोटं फिरवली. कासवानं हळूच पाय बाहेर काढले, नखं तिच्या तळहाताला लागली. नांदेडला न आलेलं रडू आता आलं. धुरपताबाईनं तिला जवळ घेतलं.

मसाजी पडलेले दगड उचलायला लागला.

“दिवाळी झाली की तुमी मेंढरं घेऊन चाऱ्याला लांब जाणार,” धुरपताबाई त्याला म्हणाली. “बिनघोर जा. मी हाये हिच्यापाशी.”

मसाजीनं मान हलवली. धुरपताबाईनं पदर खोचला अन् एक दगड उचलून त्याच्या हातात दिला.