डोंगरापलीकडे पस्तीस मिनिटं

दोन गावांच्या मध्ये डोंगर आडवा होता. विमानाने दीडशे किलोमीटर; रस्त्याने मात्र वळसा घालून सव्वातीनशे, आणि सगळी वळणंच वळणं. ताईंना पहिल्याच वळणाला मळमळायला लागायचं. पलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीची बेकरी होती आणि तिला एक दिवसही दुकान सोडवत नसे. मग काय, फोनवर बोलता बोलताच नऊ वर्षं निघून गेली.

यंदा छोटं विमान सुरू झालं आणि नेमकं धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ताईंनी शिवायला आलेले कपडे भराभर हातावेगळे केले, मशीनवर कापड टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं, "मी चालले."

"विमानात? तू तर जत्रेतल्या पाळण्यातही बसत नाहीस!"

"पस्तीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. डोळे मिटून बसेन."

विमानात माणसं मोजकीच. उडताना ताईंनी शेजारच्या अनोळखी बाईंचा हात गच्च धरला. थोड्या वेळाने एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली घरं शर्टाच्या बटणांएवढी दिसत होती. ताई बघतच राहिल्या.

पण डोंगर ओलांडला आणि खाली नुसतं पांढरं. विमानाने घिरट्या घातल्या. वैमानिकाने सांगितलं, "धुकं आहे, धावपट्टी दिसत नाही. परत फिरतोय." ताईंचा चेहराच उतरला.

विमानतळाच्या कॅंटीनमध्ये, सोडायला आलेला नवरा अजून निवांत चहा पीत होता. ताईंना समोर बघून त्याला ठसकाच लागला.

"एवढ्यात जाऊन आलीस?"

"जाऊन आले, पण पोचले नाही!"

तेवढ्यात पलीकडच्या विमानतळावरून धाकटीचा फोन. "ताई, तुझं विमान डोक्यावर घरघरत होतं गं! दिसत काहीच नव्हतं. तरी मी आपली वेड्यासारखी हात हलवत होते."

ताई म्हणाल्या, "तू आता घरी जा."

"छे! तू येईपर्यंत मी हलत नाही इथून."

काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, दुपारी धुकं विरलं की विमान पुन्हा निघेल. नवऱ्याने हळूच विचारलं, "नाहीतर घरी जाऊ या? दगदग झाली तुझी."

"तुम्ही जा. माझी बहीण तिकडे ताटकळत बसलीय."

दुपारी विमान निघालं ते थेट पलीकडे उतरलं. ताई बाहेर आल्या. दाराशी धाकटी उभी होती. केस पार पिकलेले, कोटाच्या बाहीला पीठ. कमजोर नजरेने ती येणाऱ्या प्रत्येक बाईकडे निरखून बघत होती.

"अगं, इकडे!" ताई ओरडल्या.

आवाज ऐकताच धाकटी धावत आली. दोघी एकमेकींना बिलगल्या. बाकीचे प्रवासी बाजूने वाट काढत निघून गेले.

"केवढी म्हातारी झालीस गं!" ताई म्हणाल्या.

"आणि तू काय कोवळी राहिलीस?"

दोघी हसत सुटल्या, इतक्या की बाहेरच्या बाकावर टेकावंच लागलं. घरी जायची आठवण कुणालाच नव्हती. धाकटीने पिशवीतून सकाळी भाजलेला पाव काढला. थंडगार झाला होता. मोडून अर्धा ताईंच्या हातात दिला.

"उद्या ऑपरेशन झालं आणि परवा पट्टी सुटली ना," ती म्हणाली, "की तुला नीट बघीन."

"बघ की. मी कुठे पळून चाललेय?" ताई म्हणाल्या आणि पावाचा मोठा घास घेतला.