काढ्याच्या तपेलीची बदली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तपेली आहे आणि एका घराण्याचा वंश माझ्या बुडावर टेकलेला आहे. असं सायखेड्याच्या जुन्या शेजारीण चिमणाबाईंनी फोनवर सांगितलं होतं. त्याआधी मी माळ्यावर होते आणि माझ्यात शिलाई मशीनचे सुटे भाग होते.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीत झाला. हातोडीचे ठोके खाऊन मी गोल झाले, आतून कल्हई लागली आणि माझ्या मालकीणबाईंच्या, नवसाबाईंच्या, आईने लेकीच्या लग्नात मला रुखवतात मांडलं. सायखेड्याला माझ्यात दूध तापलं, बाळंतिणींसाठी अळिवाची खीर शिजली. कल्हईवाले इब्राहिमचाचा मला उन्हात धरून म्हणत, "अशी तपेली आता बनत नाय, बाई." मी ते खरं धरलं. पुढे घरात स्टील आलं, बिऱ्हाड नाशिकला सिडकोत आलं आणि मी माळ्यावर गेले.

मला खाली आणलं ते हर्षालीसाठी. हर्षाली ही नवसाबाईंची सून. विंचूरच्या एका वाईन कंपनीत द्राक्षाच्या रसात साखर किती आहे, हे ती तपासते. तिची पाळी महिनोन् महिने येत नसे. डॉक्टरांनी पीसीओएस असं नाव सांगितलं. नवसाबाईंना ती पतसंस्था वाटली. हर्षालीला मूल हवं होतं. रस्त्याने शाळेची रिक्षा गेली की ती हातातलं काम सोडून खिडकीशी जायची आणि कपडे वाळले का ते बघायची. तिचा नवरा सोमनाथ याचीही तपासणी झाली होती. तो नॉर्मल निघाला आणि त्याने ते दोनदा सांगितलं.

मग चिमणाबाईंनी काढा सांगितला. शतावरी, अशोकाची साल, मेथ्या, दालचिनी. पुढे जो पाहुणा आला तो एक मुळी सुचवून गेला. एक पुडी तर गॅस सिलिंडरवाल्याच्या सांगण्यावरून आली. नवसाबाई पहाटे उठत, सगळं माझ्यात घालत आणि पाणी आटेपर्यंत शेजारी उभ्या राहत.

पहिल्या दिवशी पहिल्याच घोटाला हर्षालीचे डोळे भरून आले.

"लय कडू लागतं का गं, माये?" नवसाबाईंनी विचारलं.

"नाही आई. चालेल."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात गूळ पडू लागला. आधी खडा, मग ढेपेचा कोपरा, मग, मला वाटतं, पाव ढेप. काढा मधासारखा दाट झाला. माझ्या बुडाला तो असा चिकटे की घासणीने हात टेकले. हर्षाली तो रोज शेवटच्या थेंबापर्यंत पीत असे. तिचं वजन वाढलं. पाळी आली नाही. नवसाबाईंनी गूळ वाढवला.

नवीन डॉक्टर झेबा शेख यांनी फोनवर बजावलं होतं, "जे जे घेता ते सगळं घेऊन या." नवसाबाईंनी सगळंच नेलं. मी फडक्यात बांधलेली, वर ताटली, रिक्षात त्यांच्या मांडीवर. दवाखान्यात मला सोनोग्राफीच्या रिपोर्टशेजारी ठेवलं. इतका मान मला रुखवतातही मिळाला नव्हता.

डॉक्टरांनी चमचा बुडवून चाखलं.

"मावशी, हा काढा नाही. हा पाक आहे."

"गूळ हाय तो! साखर बंदच केली ना मी तिची."

"तिच्या शरीराला गूळ काय नि साखर काय, एकच. या आजारात गोडच आधी कमी करायचं. आणि मुळ्यांचं म्हणाल तर सगळ्या एकत्र, अंदाजाने नको. शिकलेल्या वैद्यांना दाखवा, मलाही सांगा. चालणं हवं, झोप हवी, गोळ्या वेळेवर. सकाळी अंडं चालेल?"

नवसाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी माळेवर हात ठेवला आणि मला पुन्हा फडक्यात बांधायला घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी मला ओट्यावर आपटलं. "अगं, तू दिवसभर रसातली साखर मोजती. तुला कळली नसंल का?"

"पहिल्या दिवशीच कळली."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही पहाटे उठून माझ्यासाठी उभ्या राहायचात, आई. माझ्या घरचंही कुणी असं कधी..." 

"माया गेली चुलीत! पोटात दुखलं तर सांगावं का सासूला जपावं?" असं म्हणून त्यांनी सुनेला जवळ घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. गॅसवरची भाजी लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवसाबाईंनी देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. मला उचललं, क्षणभर आईच्या नावाची कोरलेली अक्षरं बघितली आणि गॅलरीत वेगळ्या शेगडीवर ठेवलं. ज्या भांड्यात अंडं शिजतं ते आमच्यात पुन्हा ओट्यावर येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सोलताना त्या तोंड फिरवतात, पण टरफलाचा एक कण राहू देत नाहीत.

संध्याकाळी दोघी गोदावरीकाठी चालायला जातात. कितीतरी महिन्यांनी हर्षालीची पाळी आपसूक आली, मग पुढच्या महिन्यातही आली. नवसाबाई तिच्या हातावर साखर ठेवायला गेल्या, थांबल्या आणि शेंगदाणे ठेवले. चिमणाबाईंचा फोन आला, "काढ्याचा गुण आला ना?" नवसाबाई म्हणाल्या, "आला बाई." पाळणा अजून आलेला नाही. पण शाळेची रिक्षा गेली की हर्षाली आता खिडकीशी जाते आणि रिक्षाच बघते.

मित्रांनो, कुणी मायेने काही पाजलं तर त्यात काय आहे ते विचारा. आणि घशाखाली उतरत नसेल तर तसं सांगा. माया काही लगेच आटत नाही. आणि जुन्या भांड्यांना चिंचेने घासत जा.

आत्ता माझ्यात दोन अंडी आहेत. एक उकळताना फुटलं.