अडकल्यावर वाजलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. गंगाखेडच्या एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेली असते. माझ्या काठाला चीर गेली आहे आणि खरे सांगायचे तर वाजण्याचाच आता कंटाळा आला आहे.

एका ओताऱ्याने मला ओतले. शेळ्या राखणाऱ्या कासाबाईने मला तिच्या सर्वांत खोडकर शेळीच्या गळ्यात बांधले. शेळी चरत असली की मी संथ वाजायची. ती बाभळीच्या काट्यांत अडकली की मी धडपडून वाजायची. मग कासाबाई हातातली काठी टाकून धावत यायची आणि शेळीला सोडवायची. फार सुखाचे दिवस होते ते.

शेळी म्हातारी होऊन गेली. कासाबाईचा मुलगा बिरदेव शिकला, प्रोग्राम लिहू लागला आणि आठवण म्हणून मला ऑफिसात घेऊन आला. तिथले मालक भागवत सर मला पाहून खूश झाले. "काम झालं की वाजवायची," असा त्यांनी रिवाजच पाडला. घंटा वाजली की टाळ्या, शाबासकी आणि चहा. मीही थोडी फुशारले.

पण एकदा बिरदेवने भर बैठकीत काम अडल्याचे सांगितले. भागवत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "लय शहाणा झालास का? बाकीच्यांचं कसं होतंय मग?" त्या दिवसापासून कोणाचेच काम अडेनासे झाले. अर्धे झाले तरी घंटा, नुसते सुरू केले तरी घंटा. झाकली मूठ सव्वा लाखाची! उरलेले काम जो तो सुट्टीच्या दिवशी गुपचूप उपसायचा. माणसे सुकली, एकमेकांशी बोलेनाशी झाली. आणि मी? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. खोटे बोलून बोलून मी दमले.

मग साखर कारखान्याचे काम आले. कोणाच्या उसाला तोड कधी येणार, हा निरोप शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायचा होता. ते काम दीपिकाकडे होते. घरच्यांशी भांडून ती या नोकरीला लागली होती. काम सोपवायच्या दिवशी सकाळी तिला त्यात चूक सापडली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घंटा वाजवून गप्प बसली तर शाबासकी, खरे सांगितले तर कदाचित नोकरीच जाणार.

तिने मला धरले आणि शेळी हिसके द्यायची तसे हलवले. सगळे टाळ्या वाजवू लागले.

"टाळ्या नका वाजवू. काम झालं न्हाई, सर," ती म्हणाली. "एकाच नावाचे दोन शेतकरी असले की एकाचा निरोप दुसऱ्याला जायलाय."

"मग घंटा कशाला वाजवलीस?"

"अडकलंय म्हणून."

तेवढ्यात बिरदेव उठला. "सर, शेळी अडकली की माझी माय काठी टाकून पळायची. आधी सोडवायची. मारलं असतं तर पुढच्या वेळी ती वरडलीच नसती."

मग भागवत सरांनी स्वतःच कारखान्याला फोन करून काम अपुरे असल्याचे सांगितले आणि दीपिकाशेजारी खुर्ची ओढली. "दाखव बरं, कुठं अडकलंय?"

मित्रांनो, माझी चीर काही भरून येणार नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, चार जणांत काम कराल. काम झाले की घंटा वाजवा, अडले तर त्याहून जोरात वाजवा. आणि जो ती ऐकून येईल, त्याने येताना काठी टाकून यावे.