कोरडा मचवा

महिपत तांडेलाचा मचवा दोन वर्षं भाट्याच्या खाडीकाठी झावळ्यांच्या मांडवाखाली उभा होता. थोरला मुलगा दादू विषमज्वरानं गेला, तेव्हापासून म्हाताऱ्यानं मचव्याला पाणी दाखवलं नव्हतं. धाकटा सदू दुसऱ्यांच्या होड्यांवर जाई. यंदा थंडी पडताच त्यानं सांगून टाकलं, "आबा, शिमग्यापर्यंत आपला मचवा तरंगला तर मी हितंच. नायतर चाकरमान्यांबरोबर मुंबईला जातो. गिरणीत वळख लागलीय."

दुसऱ्या सकाळी महिपतनं मांडव उतरवला.

सुतार लावला नाही. कुजलेली फळी काढून ऐनाच्या लाकडाची नवी त्यानंच बसवली, डोलकाठी खरवडून तिला तेल पाजलं. दादूची बायको राही हिनं जुनं शीड उसवून पुन्हा शिवलं. राहिलं ते सांध्यांचं काम. फळ्यांमधल्या फटींत वळलेला कापूस छिन्नी-मोगरीनं ठोकायचा आणि वरून राळ भरायची. पण वाळलेलं लाकूड आक्रसतं, फटी रुंदावतात. म्हणून आधी रोज खारं पाणी मारून फळ्या फुगवून घ्यायच्या, अशी काठावरची रीत. या मचव्यावर पाणी मारायचं काम दादूचं होतं. उन्हं कलली की तो कळशी घेऊन येई.

शेजारचा रावजी येता-जाता उभा राहायचा. "महिपत्या, लाकूड पापडागत वाळलंय. आधी भिजव की! का पाण्यालापण सुतक हाय तुझ्या?"

"तू आपली होडी बघ. तुझ्या होडीत मासे आतच पोहतात."

रावजी हसत निघून गेला. त्या संध्याकाळी राही भरली कळशी घेऊन आली. "आबा, मी मारते पाणी."

"बाईमाणसानं होडीला पाणी घालायचं नाय. ठेव ती कळशी."

ही सबब होती, हे त्याला ठाऊक होतं. एकदा तो स्वतः कळशी भरून मचव्यापर्यंत गेला होता. हात वर होईना. पाणी वाळूत ओतून तो परत आला.

मग तो रुंद फटींत दुप्पट कापूस ठोकत सुटला. गच्च भरू नकोस, पाण्यात गेल्यावर फळी फुगायला जागा मागते आणि नाही मिळाली तर खिळे उपटते, हे त्यानंच दादूला शिकवलेलं. ठोकताना ते आठवत होतं. मोगरी थांबत नव्हती.

शिमग्याच्या तोंडावर नारळ फोडून मचवा खाडीत लोटला. सदूनं तळ चाचपला. "टिपूस नाय, आबा! हितं निजलो तरी पाठ भिजायची नाय." घरी राहीनं त्याची बांधून ठेवलेली वळकटी सोडली आणि वाकळ पुन्हा खाटेवर घातली.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी खाडीत कडाड आवाज झाला. मग आणखी एक. काठावरची माणसं धावली, तोवर तळाच्या फळ्या खिळ्यांसकट सुटल्या होत्या. सगळ्यांनी मिळून मचवा चिखलावर ओढला.

सदूनं सांध्यातून लोंबणारा कापूस उपसून हातात धरला. "वैनीला तरी पाणी मारू द्यायचंत."

"दादूचं काम होतं ते."

"दादा गेला, आबा." सदूनं कापूस खाली टाकला. "मला एकदा सांगायचंत. मी होतो ना."

दोन वर्षांत महिपतनं सदूला मचव्याचं एकही काम सांगितलं नव्हतं.

शिमगा झाला, पालखी देवळात गेली, चाकरमानी बंदरावर निघाले. त्यांच्याबरोबर सदूही गेला. महिपत बंदरापर्यंत गेला नाही. फुटक्या मचव्याच्या आडोशाला बसून त्यानं आगबोटीचा धूर विरेपर्यंत पाहिला.

उन्हं कलल्यावर राही कळशी घेऊन आली आणि थोड्या अंतरावर थांबली. तो उठून बाजूला झाला. तिनं नाळेकडून, मचव्याच्या पुढच्या टोकापासून, पाणी टाकायला हात उचलला.

"तिथनं नको," तो म्हणाला. "मागनं सुरू कर गो. दादू मागनं सुरू करायचा."

ती मागे गेली. पाणी फळ्यांवरून ओघळलं, उघड्या सांध्यांतून आत शिरलं आणि खालच्या चिखलात उतरलं. महिपतनं रिकामी कळशी तिच्या हातातून घेतली आणि भरून आणायला खाडीकडे निघाला.