किहीमच्या दिशेचा अँटेना

घाटकोपरमधल्या निम्म्या गच्च्यांना एके काळी जयवंतराव परबांचा हात लागला होता. दूरदर्शनच्या जमान्यात घरात टीव्ही आला की लोक आधी पेढे वाटायचे आणि मग परबांना बोलावणं धाडायचे. जयवंतराव गच्चीवर चढून अँटेना फिरवत, आणि त्यांचा जोडीदार दादू खाली गिऱ्हाइकाच्या घरात टीव्हीपुढे उभा राही. वरून हे ओरडत, "आलं का?" खिडकीतून दादू ओरडे, "नाही! अजून डावीकडे! आलं, आलं! हलवू नको!" वीस वर्षं हेच चाललं. गंमत अशी की शेकडो घरांत चित्र आणणाऱ्या या माणसानं ते येताना एकदाही पाहिलं नाही. तो आपला कायम वर.

पुढे केबल आली आणि धंदा बसला. जयवंतरावांनी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, दादू लेकीकडे, सपनाकडे, अलिबागजवळ किहीमला राहायला गेला. पण हाताची खाज जाते थोडीच! साठी ओलांडल्यावर दोघांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची, परीक्षा दिली. दादू एकदा आपटला, दुसऱ्यांदा सुटला. सरकारी परवाना मिळाला. आता आपापल्या हातानं केलेल्या अँटेनावरून, मध्ये कुठलीही कंपनी न घेता, एकमेकांशी बोलायचं ठरलं.

त्यात दादूनं अट घातली. "पहिला आवाज हवेतूनच रे. तोवर फोनवर अँटेनाचा अ काढायचा नाही. विचारून विचारून लावला तर मजा काय?" जयवंतरावांनी टाळी दिली. दोन म्हाताऱ्यांना असल्या अटी घालायला कुणी सांगितलं होतं? पण हौसेला मोल नसतं, आणि बहुतेक वेळा अक्कलही नसते.

जयवंतरावांनी माळ्यावरच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या नळ्या काढल्या, मापात कापल्या आणि एका दांड्यावर ओळीनं बसवल्या. मागे सगळ्यात लांब, पुढे उतरत्या लांबीच्या. दांडा एका बांबूला क्लॅम्पनं आवळला आणि तोंड दक्षिणेला, चाळीस किलोमीटरवरच्या किहीमकडे केलं. बांबू डोक्याइतकाच उंच, कारण सोसायटीचा सेक्रेटरी सुबोध त्याहून वर जाऊ देईना.

"काका, किती वॉटचा आहे हा रेडिओ?" त्यानं विचारलं होतं.

"पाच."

"पाच? आमच्या देवघरातला झीरोचा बल्ब पंधरा वॉट खातो. अलिबागला काय पोचणार यार?"

"अरे, बागेत पाइपनं पाणी घालतोस ना? तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी लांब उडतं. नळाचा जोर वाढत नाही, नुसतं चहूकडे सांडायचं थांबतं. अँटेनाचं तसंच. सगळी ताकद एकाच अंगाला वळवायची. त्याला गेन म्हणतात."

सुबोधला पटलं नाही. मुलगा वाईट नव्हता, पण सेक्रेटरी होता. सोमवारपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघणार होतं आणि तिथली प्रत्येक वस्तू उतरवायची होती. "रविवारी दहाला मी भंगाराची यादी घेऊन वर येतो," तो म्हणाला. "तोवर बोलणं झालं तर काम संपल्यावर परत लावा, मी स्वतः बांबू धरतो. नाही झालं तर भंगारात. चालेल?"

चालेल म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तीन रविवार कोरडे गेले होते आणि जयवंतरावांना मनातून ते फार लागलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लावलं ते सगळं चाललं. स्वतःसाठी पहिल्यांदा लावलं आणि तेच मुकं बसलं होतं.

चौथ्या रविवारी ते नऊला गच्चीवर हजर झाले. पद्धत ठरलेली होती. पहिली पाच मिनिटं जयवंतराव बोलणार, पुढची पाच दादू, असं आलटून पालटून दहापर्यंत. दादूच्या पाळीला नुसती खरखर. त्यांनी तोंड बोटभर डावीकडे केलं, मग उजवीकडे. एकदा खरखरीच्या तळाशी कुणीतरी खाकरल्यासारखं वाटलं आणि गेलं. दिशा बरोबर होती, याची त्यांना खात्री होती. मग अडलं कुठे? पावणेदहा झाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी नलिनीबाई धुण्याची बादली घेऊन आल्या. त्यांच्या कपड्यांच्या दोरीवर अँटेनाच्या नळ्या आडव्या पसरलेल्या पाहून त्या थेट मालवणीवर आल्या. "ह्यां मधीच कित्याक ठेवलात? माझी चादर अडकतेय!"

"नलू, पंधरा मिनिटं. फक्त पंधरा मिनिटं."

"चार रविवार झाले तुमच्या पंधरा मिनिटांना." बोलता बोलता त्यांनी क्लॅम्पचा नट हातानंच सैल केला आणि दांडा लाटण्यासारखा जागच्या जागी वळवला. आडव्या नळ्या झाडून साऱ्या उभ्या झाल्या. चादरीला वाट मिळाली.

आणि रेडिओतून, शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ, दादूचा आवाज आला. "...किहीमहून बोलतोय. जयवंता, घसा सुकला रे माझा. आलं का? अरे, आलं का?"

जयवंतरावांनी कपाळावर हात मारला. टीव्हीच्या लहरी आडव्या येत, म्हणून वीस वर्षं प्रत्येक अँटेनाच्या नळ्या त्यांनी आडव्या लावल्या होत्या, आणि हाही हातानं आपसूक तसाच लावला. डावी-उजवीकडे हजारदा फिरवला, उभा म्हणून केला नाही. दादूनं तिकडे साधी उभी काठी लावली असणार. उभ्याचं आडव्याला शंभरातलं एखादंच पोचतं, हे परीक्षेत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं!

"आलं का रे?" दादूनं पुन्हा विचारलं.

 हा प्रश्न जयवंतरावांचा होता. गच्च्या-गच्च्यांवरून तो त्यांनीच ओरडून विचारला होता, आणि उत्तर देण्याचं सुख दरवेळी दादूच्या वाट्याला गेलं होतं.

"अहो, बघताय काय? बटण दाबा ना!" नलिनीबाई म्हणाल्या. दोरीवर टाकायची चादर त्यांच्या हातातच राहिली होती.

जयवंतरावांनी बटण दाबलं. आधी परवान्याची अक्षरं सांगायची असतात, ती साफ विसरले. खालचे दोन मजले हलतील अशा आवाजात ते ओरडले, "आलं! आलं रे दादू! हलवू नको!"

यादी घेऊन थोडा लवकरच वर आलेला सुबोध जिन्याच्या दारातच थबकला. रेडिओतून दादू ओरडत होता की रडत होता, कळत नव्हतं. मधूनच सपनाचं हसू ऐकू येत होतं. सुबोधनं खिशातलं पेन काढलं, यादीतली एक ओळ खोडली आणि बादलीतली दुसरी चादर उचलून नलिनीबाईंना दोरीवर टाकायला मदत करू लागला.