मेंढी धरताना

पूर्वीने मेंढीच्या पोटाखाली दोन्ही हात घालून तिला उचलायला घेतलं. मेंढीने एक झटका दिला आणि पूर्वी स्वतःच भिंतीला टेकून खाली बसली. मेंढी दोन पावलं पुढे जाऊन शांतपणे तिच्याकडे बघत उभी राहिली.

"बसली," कुशाबा म्हणाले. "पण चुकीची बसली."

माझगावातल्या त्या चाळीच्या अंगणात हशा पिकला. मेंढीचे मालक पारकरचाचा पायरीवर बसून चहा पीत होते. त्यांना ठसका लागला. पूर्वीलाही हसू आलं. तिने हात झटकले आणि ती पुन्हा उभी राहिली.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात कुशाबांनी चौतीस वर्षं काढली होती. काम एकच, जनावर धरायचं. घोडा असो की बैल, डॉक्टरांचं काम होईपर्यंत ते त्याला धरून उभे राहत. पूर्वी तिथे शिकायला होती तेव्हापासून त्यांना मामा म्हणायची. आता ते निवृत्त होऊन लालबागला घरी असत आणि पूर्वीला न्यूझीलंडला जाऊन पाच वर्षं झाली होती. जनावरांची डॉक्टर व्हायला तिथली परीक्षा द्यावी लागते. लेखी ती पहिल्या झटक्यात पास झाली. प्रत्यक्ष परीक्षेत मेंढीला ढुंगणावर बसवून तिचे खूर तपासायचे होते. दहा मिनिटं झाली तरी मेंढी बसली नाही. आता सहा आठवड्यांनी दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची. म्हणून सुट्टी काढून ती मुंबईला आली होती, मामांकडून मेंढी धरायला शिकायला.

"कॉलेजात शिकवलं नव्हतं काय?" पारकरचाचांनी विचारलं.

"शिकवलं होतं. पण मेंढी नेहमी मामांनी धरलेली असायची. मी फक्त तपासायचे."

कुशाबा मिशीत हसले. "डॉक्टर, जरा चहा घ्या. तिलाही दम खाऊ द्या."

पूर्वी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. तिने कप हातात घेतला.

"मामा, मला डॉक्टर नका म्हणू. आई अख्ख्या गिरगावात सांगत फिरते, पूर्वी तिकडे डॉक्टर आहे म्हणून. मी तिकडे एका दवाखान्यात पिंजरे धुते. पाच वर्षं झाली."

"पिंजरे मीपण धुतलेत," कुशाबा म्हणाले. "चौतीस वर्षं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पूर्वीचे कान तापले. तिने कप खाली ठेवला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण कुशाबा तोवर उठून मेंढीपाशी पोचले होते.

"इकडे या. तुम्ही तिला उचलायला बघता. वजन तिचं जास्त, तुमचं कमी, कशी उचलणार? उचलायचीच नाही. हनुवटीखाली हात घ्या. आता तोंड हळू तिच्याच कुशीकडे वळवा. दुसरा हात मागच्या मांडीवर. गुडघा तिला टेकवा आणि तुम्ही मागे सरका. घाई नाही."

पूर्वी मागे सरकली. मेंढीचे मागचे पाय दुमडले, अंग कलंडलं, आणि पुढच्या क्षणी ती पूर्वीच्या गुडघ्यांना पाठ टेकून, चारी पाय पुढे टाकून बसली होती. जेवण झाल्यावर एखाद्या आजोबांनी आरामखुर्चीत बसावं तशी.

"माझ्याकडे कधी अशी बसली नाही ती," पारकरचाचा म्हणाले.

त्या संध्याकाळी पूर्वीने आईला पिंजऱ्यांचं सांगून टाकलं. मृणालिनीबाईंनी घडी घालायला घेतलेला टॉवेल तसाच मांडीवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, "बरं. परीक्षा होईपर्यंत मी कुणाला काही सांगत नाही. तुला ठाऊक आहे, मला किती कठीण जाईल ते."

पुढचे बारा दिवस पूर्वी रोज सकाळी माझगावला गेली. शेवटी शेवटी मेंढी तिला बघताच पारकरचाचांच्या मागे लपायची, आणि तरी बसायची.

दोन महिन्यांनी लालबागला कुशाबांच्या फोनवर पूर्वीचा व्हिडिओ कॉल आला. तिने गमबूट घातले होते, गालावर चिखल होता आणि मागे हिरवागार उतार दिसत होता.

"मामा, पास झाले. मेंढी अर्ध्या मिनिटात बसली. आज नोकरीचा पहिला दिवस."

"वा, डॉक्टर," कुशाबा म्हणाले. या वेळी तिने नको म्हटलं नाही. "आता जनावर धरायला तुमच्या हाताखाली माणूस देतील."

"इकडे तसा माणूस नसतो मामा. ज्याने तपासायचं त्यानेच धरायचं. धरता आलं नाही तर डॉक्टर होताच येत नाही."

तिकडून कुणीतरी पूर्वीला हाक मारली, तिने हात हलवला आणि फोन बंद झाला. कुशाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"काय म्हणाली पोरगी?" आतून त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी विचारलं.

"पास झाली." ते सावकाश उठले, गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. शेजारचे चिंतामणी तिथे पेपर वाचत होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी कुशाबांनी त्यांना सांगितलं,

"न्यूझीलंडला आमच्या कामाची डॉक्टरांना परीक्षा द्यावी लागते."